फॅमिली कोर्टाच्या नावावर पैसे घेणारी साइट आणि खरंखुरं फॅमिली कोर्ट, दोन्हीचा रिव्ह्यू (नागपूर)

आधी रेटिंग सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. 'घरबसल्या डिव्होर्स रेकॉर्ड मिळवा' आणि 'कोर्टात न जाता तीस दिवसांत घटस्फोट' असं विकणारी जी वेबसाइट आमच्या घरच्यांनी वापरली तिला एक स्टार, तोही शून्य देता येत नाही म्हणून. नाव लिहीत नाही, कारण अशा साइटी ढीगभर आहेत, एकीचं नाव घेतलं की लोक दुसरीकडे जाऊन पैसे भरतील. आणि जे फुकटात किंवा चिल्लर पैशात मिळतं ते, म्हणजे ई-कोर्ट्स ही कोर्टांची सरकारी साइट आणि ॲप, प्लस सिव्हिल लाइन्सच्या आपल्या फॅमिली कोर्टातली नक्कल आणि फायलिंगची खिडकी, त्याला चार. पाचवा राखून ठेवला कारण तारखेला उभं राहायला कोणालाच आवडत नाही, त्यात त्यांचा काही दोष नाही.

झालं असं की आमच्या घरात एकाच वेळी दोन घटस्फोट चालू होते. एक माझा, म्युच्युअलवाला म्हणजे दोघांच्या संमतीचा, आणि एक मावशीचा जो २००४ लाच होऊन गेला आहे. झालेला घटस्फोट चालू कसा म्हणाल तर ऐका. आजोबा रेल्वेत होते, अजनीला क्वार्टर, ते गेल्यावर पेन्शन आजीला, मग आजी पण गेली आणि तेव्हा आजोबांच्या एका जुन्या दोस्ताने सांगितलं की घटस्फोटित मुलीला पण फॅमिली पेन्शन मिळते, तुम्ही अर्ज काहून नाही केला. मिळते हे खरं आहे, पण अटी आहेत. तिचं स्वतःचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत पाहिजे, तिने दुसरं लग्न केलेलं नसावं, आणि घटस्फोट आई-वडलांच्या हयातीत झालेला पाहिजे. या शेवटच्या अटीत २०१७ मध्ये केंद्र सरकारने सवलत दिली, म्हणजे डिक्री (कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम) नंतर आली तरी चालते पण केस आई किंवा बाप जिवंत असताना दाखल झालेली असली पाहिजे. म्हणजे कागदावर दोन तारखा दिसायला हव्या, दाखल कधी केली आणि निकाल कधी लागला. मावशीकडे काय होतं तर झेरॉक्सची झेरॉक्स, वरून लॅमिनेशन, शिक्का म्हणजे एक काळा ठिपका. पेन्शनच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला सर्टिफाइड कॉपी, म्हणजे कोर्टाच्या सही-शिक्क्याची नक्कल, आणा, आणि तो बरोबरच बोलला, अशा कागदावर कोण पेन्शन सुरू करेल.

मावशीचा पोरगा पुण्यात असतो. त्याने तिकडून गूगल केलं, सगळ्यात वर जी जाहिरात आली तिच्यावर क्लिक केलं, वेबसाइटचं नाव असं की सरकारीच वाटावं, वर तिरंग्याचे रंग, 'कोर्ट-व्हेरिफाइड', चौकशी न करता ३,४९९ रुपये भरून मोकळा. काही दिवसांनी पीडीएफ आली. वर मोठं हेडिंग 'सर्च रिपोर्ट', खाली ई-कोर्ट्सच्या फुकट पानाचा स्क्रीनशॉट चिकटवलेला आणि निष्कर्ष काय तर सदर पक्षकाराच्या नावे रेकॉर्ड आढळून आले नाही. फिजिकल सर्च पाहिजे असल्यास आणखी सहा हजार. मावशीला फोनवर वाचून दाखवलं तर ती म्हणे, "म्हणजे माहा घटस्फोट झालाच नाई म्हणते का तो? वीस वर्षं झाले नं बापा!" मग अर्धा तास तिची समजूत काढण्यात गेला की मावशी, तसं नाही, ती साइट म्हणजे कोर्ट नाही.

आता हे लोक विकतात ते नेमकं काय, हे समजून घ्या. ई-कोर्ट्सचं पान सगळ्यांसाठी उघडं आहे, लॉगिन नाही, फी नाही, कॅप्चा भरला की झालं. पक्षकाराच्या नावाने, केस नंबरने, फायलिंग नंबरने, वकिलाच्या नावाने शोधता येतं. पण फॅमिली कोर्टाची केस शोधताना नागपूरकर हमखास एका जागी फसतात. राज्य महाराष्ट्र निवडायचं, मग जिल्ह्यात साहजिकच सगळे नागपूर निवडतात आणि तिथे दिवाणी-फौजदारी कोर्टं दिसतात, आपली केस काही दिसत नाही. मी बघितलं तेव्हा जिल्ह्याच्याच यादीत 'महाराष्ट्र फॅमिली कोर्ट्स' असं वेगळं नाव होतं, ते निवडलं की मग पुढे नागपूर येतं. एवढी एक गोष्ट माहीत नसली तर माणूस दिवसभर शोधत बसेल आणि शेवटी म्हणेल रेकॉर्डच नाही. मला तर वाटतं आमच्या त्या सर्च रिपोर्टवाल्यानेही तेच केलं असावं.

दुसरी गोष्ट स्पेलिंग. नावं इंग्रजी अक्षरांत टाकलेली असतात आणि विदर्भातली आडनावं म्हणजे विचारूच नका. वानखेडे की वानखडे, देवतळे लिहिताना व्ही की डब्ल्यू की नुसता ओ, मेश्राममध्ये ए किती. तीन अक्षरं टाकली तरी शोध चालतो, म्हणून पूर्ण नाव टाकायच्या फंदात पडू नका, सुरुवातीची अक्षरं टाका आणि वर्ष बदलून बदलून बघा. वर्ष म्हणजे केस दाखल झाल्याचं, निकालाचं नाही, यातही लोक गडबडतात, कारण घरी सगळ्यांच्या लक्षात असतं ते 'सुटका झाली' ते वर्ष.

तिसरं म्हणजे केसचं अक्षर. महाराष्ट्रातल्या फॅमिली कोर्टात पिटीशनला अक्षरं असतात. एकाने दुसऱ्यावर टाकलेली घटस्फोटाची केस ए मध्ये, पोटगीची ई मध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४) आणि दोघांच्या संमतीची एफ मध्ये. मावशीच्या झेरॉक्सवर कोपऱ्यात ए आणि एक नंबर पुसट दिसत होता, तो भिंग लावून वाचला आणि तिथून सगळं सुटलं. तुमच्याकडे जुना कुठलाही कागद असेल, समन्स, पोटगीची पावती, वकिलाने पाठवलेलं पोस्टकार्ड सुद्धा, तर फेकू नका. नव्या केसेसना तर सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर मिळतो, तो एकदा हातात आला की बाकी काही लागत नाही. ॲपमध्ये सेव्ह करून ठेवा, पुढची तारीख, स्टेज सगळं दिसतं. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी एसएमएसची पण सोय आहे, ईकोर्ट्स असं इंग्रजीत लिहून एक जागा सोडून सीएनआर टाकायचा आणि ९७६६८९९८९९ वर पाठवायचा. मी माझ्या केसचं आईला हेच शिकवलं, ती माझ्याआधी तारीख सांगायची.

आता त्या साइटीचा दुसरा दावा, की आम्ही कोणाच्याही घटस्फोटाचा निकाल काढून देतो. याचं गिऱ्हाईक कोण तर स्थळ बघणारे. मुलाचं आधीचं लग्न होतं म्हणतात, खरंच सुटलं का, कशावरून सुटलं, हे आधी जाणून घ्यायचं असतं. काळजी रास्त आहे, पण रस्ता चुकीचा आहे. फॅमिली कोर्टाचं कामकाज बंद दरवाजाआड चालतं, कोणी एक पक्षकार म्हणाला तरी ते तसं ठेवावं लागतं, १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्यात लिहिलेलं आहे, आणि हिंदू विवाह कायद्याच्या २२ व्या कलमात तर ही प्रकरणं छापायला, प्रसिद्ध करायलाच मनाई आहे, वरच्या कोर्टाचे छापायची परवानगी मिळालेले निकाल तेवढे सोडून. त्यामुळे ऑनलाइन तुम्हाला केस आहे की नाही, चालू की निकाली, एवढं कळेल. आत काय लिहिलं ते पक्षकारालाच मिळतं, तिऱ्हाइताला अर्ज करून कारण द्यावं लागतं आणि ते पटलं तरच. स्थळाचं म्हणाल तर सरळ समोरच्या घरी सांगा की बापा, डिक्रीची सर्टिफाइड कॉपी दाखवा. ज्याचा खरंच झालाय तो दाखवतो. आणि दाखवली की तारीख बघा, कारण डिक्री झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी बोहल्यावर असं नाही चालत, अपिलाची मुदत संपावी लागते किंवा अपील झालं असेल तर ते फेटाळलेलं असावं लागतं.

नक्कल काढायचं काम मला वाटलं त्याच्यापेक्षा सोपं निघालं. अर्ज करायचा, त्याला कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, केस नंबर, दोघांची नावं, निकालाची तारीख आणि नेमकं काय पाहिजे ते लिहायचं. इथे लोक नुसतं 'डिक्रीची कॉपी' लिहून मोकळे होतात. आम्ही डिक्री, जजमेंट आणि मूळ पिटीशनचं पहिलं पान असं तिन्ही मागितलं, कारण पेन्शनला दाखल झाल्याची तारीख लागणार होती. केस जुनी असेल तर फाइल रेकॉर्ड रूममधून मागवावी लागते म्हणून थोडा वेळ लागतो, आणि एक लक्षात ठेवा की फार जुन्या केसमधले बाकीचे कागद मुदतीनंतर काढून टाकतात, म्हणून आज गरज नसली तरी निकालाची एक सर्टिफाइड कॉपी घरात काढून ठेवाच. मावशीला स्वतः यावं लागलं सहीला, आधार घेऊन. खिडकीवरच्या बाई तिला म्हणाल्या, "काकू, बसा तुम्ही, पोरीला उभं राहू द्या." पानांप्रमाणे पैसे, ते भरले, तारीख दिली, त्या तारखेला कॉपी मिळाली. ३,४९९ च्या मानाने जो खर्च आला तो सांगायलाही लाज वाटते इतका कमी. कॉपीच्या मागे अर्ज कधी केला, तयार कधी झाली, दिली कधी अशा तारखा मारलेल्या असतात, त्या उगाच नसतात, अपील करायचं असेल तर कॉपी मिळायला लागलेला वेळ मुदतीतून वजा होतो, म्हणून तो शिक्का नीट वाचता येतोय का हे खिडकीवरच बघून घ्या.

आणि हो, हे मला वकिलाने नाही, एका रांगेतल्या बाईने सांगितलं आणि मग मी स्वतः वाचलं. हिंदू विवाह कायद्याच्या २३ व्या कलमात चौथं पोटकलम आहे, घटस्फोटाची डिक्री झाली की कोर्टाने दोन्ही पक्षकारांना तिची एक कॉपी फुकट द्यायची. फुकट! पुढच्या कॉपीला पैसे लागतात, पहिल्या नाही. निकालाच्या दिवशीच विचारून घ्या.

आता माझी केस. त्याच साइटवर पॅकेज होतं 'प्रीमियम म्युच्युअल', तीस दिवसांत घटस्फोट, कोर्टात यायची गरज नाही, वकिलाची फी वेगळी. मी फक्त कॉल सेंटरच्या मुलीला विचारलं की ताई, सहा महिन्यांचं काय. ती म्हणे कोणते सहा महिने मॅडम. तिथेच फोन ठेवला.

कोणते ते सांगते. संमतीने घटस्फोट, हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-बी, यात आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे दोन घरंच पाहिजे असं नाही, सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच सांगितलंय की एका छताखाली असाल पण नवरा-बायकोसारखे राहत नसाल तरी ते वेगळं राहणंच. (जागेच्या भाड्यामुळे असं राहणारी जोडपी किती आहेत हे तिथल्या बाकड्यावर बसलं की कळतं.) त्याच निकालात हेही आहे की संमती शेवटपर्यंत टिकली पाहिजे, मधेच एकाने नाही म्हटलं की एकतर्फी डिक्री होत नाही. मग अर्ज दाखल झाला की सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन सांगायचं की हो, अजून तेच मत आहे. हे सहा महिने पूर्वी दगडावरची रेघ होती, सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून कोर्ट ते माफ करू शकतं. पण आपोआप नाही. दीड वर्षाचा सगळा काळ आधीच उलटून गेलेला पाहिजे, समेटाचे प्रयत्न झालेले आणि फसलेले पाहिजे, पोटगी, मुलं, बाकी देणंघेणं सगळं मिटलेलं पाहिजे, आणि त्यासाठी वेगळा अर्ज, जो पहिल्या अर्जानंतर एका आठवड्याने करता येतो. माफ करायचे की नाही हे जज ठरवतात. त्यामुळे तीस दिवसांची गॅरंटी जो देतो तो एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतो. आम्ही दोघं दोन वर्षांच्या वर वेगळे होतो, सगळं मिटलेलं होतं, आम्हाला माफ झाले. माझ्या आधी ज्यांचा नंबर होता त्यांना नाही झाले, त्यांचं पोराच्या ताब्याचं ठरलेलं नव्हतं.

वकील पाहिजेच का? फॅमिली कोर्ट कायद्याच्या १३ व्या कलमाप्रमाणे तिथे वकील लावणं हा कोणाचा हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते, म्हणजे हे कोर्ट बांधलंच आहे माणसाने स्वतः बोलावं म्हणून. प्रत्यक्षात बहुतेक जण वकील घेऊनच येतात. माझं मत विचाराल तर मुलं नसतील, घर-कर्ज नसेल, दोघं बोलण्याच्या परिस्थितीत असाल तर स्वतः जमतं. बेसाला घेतलेला फ्लॅट आणि त्याचा वीस वर्षांचा हप्ता मध्ये असेल तर वकील घ्या, तिथे हुशारी नको. बायकांना घटस्फोट-पोटगीच्या केसमध्ये कोर्ट फी महाराष्ट्रात माफ आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही फुकट मिळू शकतो, त्यात बाईचं उत्पन्न बघत नाहीत, पगार कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही तसंच. हेल्पलाइन १५१००. मी मिहानला नोकरी करते म्हणून मला वाटायचं हे आपल्यासाठी नाही, प्राधिकरणातल्या मॅडमनी सांगितलं की आहे. मी शेवटी ओळखीची वकील घेतली पण निदान माहीत तर झालं.

ड्राफ्ट मात्र स्वतः वाचा, शब्द न शब्द. कोर्टाच्या बाहेर बसणाऱ्या एका टायपिस्टकडे आम्ही सुरुवातीला मसुदा टाकला होता, त्याच्याकडे रेडीमेड होता, नावं बदलायची आणि प्रिंट. प्रिंट आली त्यात आमचं लग्न अमरावतीला झालेलं आणि आम्हाला दोन अपत्यं, मोठ्याचं नाव पण होतं. तो म्हणे, "होते नं मॅडम, कॉपी-पेस्टमध्ये राहून जाते." दोघंही हसलो, कितीतरी महिन्यांनी एकत्र हसलो असू, पण ते तसंच सहीला गेलं असतं तर?

तडजोडीच्या अटींवर सगळ्यात जास्त वेळ द्या. पिटीशनचे बाकीचे परिच्छेद ठरलेले असतात, लग्न कधी-कुठे, शेवटचं एकत्र कुठे राहिलो, वेगळे कधीपासून, दबाव नाही, संगनमत नाही वगैरे. भांडण होतं ते अटींवर. दागिने कोणाकडे, ते मिळाले की मिळायचे, मिळायचे तर कधी, एकरकमी पोटगी चेकने की डीडीने, कुठल्या तारखेला, जॉइंट खातं बंद कोण करणार, पीएफला नॉमिनी बदलणं, गाडीचं आरसी. आमच्यात सोनं दहा मिनिटांत मिटलं आणि कूलरवर दोन संध्याकाळी गेल्या. हसू नका, नागपूरचा मे महिना ज्याने काढलाय त्याला कळेल, आणि तो कूलर बाबांनी दिलेला होता, वाळ्याच्या ताट्या दर वर्षी मी बदलायचे. शेवटी यादीत सात नंबरला 'एक डेझर्ट कूलर, लोखंडी, अर्जदार क्र. १ कडे' असं रीतसर आलं. जजसाहेबांनी वाचताना एक क्षण वर बघितलं, बस.

कागद असे लागले: लग्नाचा दाखला (नसेल तर पत्रिका आणि फोटो), दोघांचे आधार, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट फोटो, शपथपत्रं. आपल्याकडे बौद्ध पद्धतीने झालेली लग्नं खूप आहेत, त्यांनाही हिंदू विवाह कायदाच लागतो, दुसऱ्या कलमात बौद्ध, जैन, शीख स्पष्ट लिहिलेत, त्यामुळे 'आमचं वेगळं असते' म्हणून कोणी जास्त पैसे सांगत असेल तर ऐकू नका. रजिस्ट्रारसमोर लावलेलं कोर्ट मॅरेज असेल तर १९५४ चा स्पेशल मॅरेज ॲक्ट, कलम २८, प्रक्रिया साधारण तीच. कोर्ट कोणतं म्हणाल तर लग्न जिथे झालं, किंवा शेवटचं जिथे एकत्र राहिलात, किंवा समोरचा जिथे राहतो, आणि केस बायकोची असेल तर ती आता जिथे राहते ते सुद्धा. काटोल, रामटेक, उमरेडकडचे असाल तर आधी विचारून घ्या की तुमचं शहरातल्या फॅमिली कोर्टात लागतं की तिकडच्या दिवाणी कोर्टात, उगाच एसटीचं भाडं जायचं.

ई-फायलिंग पण आहे. स्वतः पक्षकार म्हणून अकाउंट उघडता येतं, ओटीपी येतो, पीडीएफ चढवायच्या. ज्यांना ते जमत नाही त्यांनी कोर्टातल्या ई-सेवा केंद्रात जावं, मदत करायला माणसं बसवलेली असतात. नागपूरकर म्हणून एक फुशारकी मारून घेते, देशातलं पहिलं ई-रिसोर्स सेंटर, 'न्याय कौशल', आपल्या नागपुरात सुरू झालं, ३१ ऑक्टोबर २०२० ला, आणि उद्घाटन केलं ते तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी, ते पण इथलेच. तिथून सुप्रीम कोर्टापर्यंत ई-फायलिंग करता येतं.

दाखल झाल्यावर मॅरेज कौन्सिलरकडे पाठवतात. मला याची धास्ती होती, वाटलं 'बेटा, ॲडजस्ट कर' ऐकायला मिळेल. तसं काही झालं नाही. कायद्याने समेटाचा प्रयत्न करणं कोर्टाला बंधनकारक आहे म्हणून विचारतात, आधी दोघांना वेगवेगळं, मग एकत्र. त्यांनी मला एकच धड प्रश्न विचारला की हे तू ठरवलंस की घरच्यांनी, आणि उत्तर द्यायला पूर्ण वेळ दिला. तिथे बोललेलं गुप्त राहतं. या पायरीला मी पाचपैकी पाच देईन, वेगळे.

बाकड्यावर भेटलेल्या एका ताईचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. कामठीकडची, हातात ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलेली फारकती, पाच पंचांच्या सह्या. तिला वाटत होतं झालं सगळं. नवऱ्याने त्या कागदावर दुसरं लग्न पण केलेलं. ज्या समाजात रूढीने सोडचिठ्ठी चालते आणि ती रूढी कोर्टात सिद्ध करता येते तेवढा अपवाद सोडला तर नोटरीच्या शिक्क्याने हिंदू विवाह कायद्यातलं लग्न मोडत नाही, कागद कितीचा का असेना. तिला विधी सेवावाल्यांकडे नेऊन सोडलं. तुमच्या ओळखीत कोणाकडे असा कागद असेल तर आजच सांगा त्यांना.

जायचं-यायचं: पार्किंगच्या नादी लागू नका, मेट्रोने झिरो माइल किंवा कस्तुरचंद पार्कला उतरा आणि ऑटो करा. डिसेंबरात अधिवेशन असलं की विधानभवनाच्या बाजूचे रस्ते बंद, मोर्चे, पोलीस, तेव्हा घरून तासभर आधी निघा. उन्हाळ्यात पाण्याची बाटली आणि दुपट्टा. सकाळी बोर्ड लागतो त्यावर आपला नंबर बघा, लांबचा असेल तर तर्री पोहे खाऊन या, पुकारा व्हायच्या आत मात्र परत या.

मावशीची फाइल पेन्शनला जमा झाली, या वेळी कॉपी बघून त्या माणसाने काही न बोलता पावती दिली. मावसभावाने त्या साइटची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर टाकलीय, १९१५. साइटवाल्यांचं त्यावर उत्तर आलं की सर्च पूर्ण झाल्यामुळे रिफंड लागू होत नाही, पण जुने ग्राहक म्हणून घटस्फोट पॅकेजवर वीस टक्के सूट देऊ. त्याचं अजून लग्न व्हायचंय.